दोन वर्षांचा मास्तर

नारायण धारपांच्या कथा रात्री पांघरुणात शिरून वाचणारी आमची पिढी. 'तुंबाड' (2018) पाहिलेल्या तरुण मंडळींनाही धारप ऐकून माहीत असतात. त्यांची 'आजी' ही कथा ज्याच्या 'ग्रामा'वर बेतलेली आहे, तो स्टीफन किंग मात्र मी निवृत्तीनंतर वाचला. आणि भुतांपेक्षा त्याच्यातल्या मास्तराकडेच माझं लक्ष जास्त गेलं. जित्याची खोड, दुसरं काय!

किंगचा जन्म 1947 चा, अमेरिकेतल्या मेन राज्यातला. तो दोन वर्षांचा असताना वडील सिगारेट आणायला म्हणून बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. आईने मिळेल ती कामं करून दोन मुलं वाढवली. 1970 साली तो पदवीधर झाला, पण शिक्षकाची नोकरी लगेच मिळेना. मग लाँड्रीत चादरी धुतल्या, तासाला 1 डॉलर 60 सेंटवर. 1971 मध्ये हॅम्डन अ‍ॅकॅडमी या शाळेत तो इंग्रजी शिकवायला लागला. पगार वर्षाला 6,400 डॉलर. बायको टॅबिथा डोनटच्या दुकानात कामाला, दोन लेकरं, आणि राहायला ट्रेलर. पैसे वाचवायला घरातला फोनही काढून टाकलेला.

दिवसभर शिकवून, वह्या तपासून झाल्यावर स्वतःचं काही लिहायला बसणं म्हणजे काय, ते शिक्षकालाच विचारा. आपण असेच म्हातारे होणार आणि अर्धवट हस्तलिखितं खणात पडून राहणार, असं त्याला वाटायला लागलं होतं. 'कॅरी'ची पहिली तीन पानं त्याने चुरगळून टोपलीत टाकली. टॅबिथाने ती काढली, राख झटकली, वाचली आणि म्हणाली, पुढे लिही. मुलींच्या जगातलं मला काय कळतं, ही त्याची अडचण. त्यात मी मदत करीन म्हणाली. किंगवर लिहिणारे या बाईंना एका ओळीत उरकतात, ते मला पटत नाही.

पुस्तक घेतल्याचं प्रकाशकाने तारेने कळवलं, कारण फोन कुठे होता? मग 1973 च्या मे महिन्यात पेपरबॅकचे हक्क 4 लाख डॉलरला गेले, निम्मे त्याचे. तो आनंदाने बायकोसाठी काहीतरी घ्यायला बाहेर पडला. रविवार, दुकानं बंद. शेवटी केस वाळवायचं यंत्र घेऊन आला! त्या पैशांमुळे नोकरी सुटली आणि 'कॅरी' 1974 ला आली. दुसरी कादंबरी 'सेलम्स लॉट' (1975) तर वर्गातूनच निघाली. 'ड्रॅक्युला' शिकवताना, हा आजच्या अमेरिकेत आला तर, असा विचार मनात आला.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. शाळेत असतानाच त्याने एक कादंबरी सुरू केली होती, ती 1977 मध्ये रिचर्ड बाकमन या टोपणनावाने 'रेज' म्हणून छापली. एक विद्यार्थी शिक्षिकेला गोळी घालतो आणि वर्ग ओलीस धरतो. पुढे खरोखर शाळांत बंदुका घेऊन शिरलेल्या काही मुलांनी ती वाचली होती. 1997 मध्ये केंटकीतल्या पडुका गावात 14 वर्षांच्या मुलाने तीन मुलींना मारलं; त्याच्या लॉकरमध्ये 'रेज' सापडली. किंगने पुस्तक बाजारातून काढून घेतलं. कायद्याने सांगितलं नव्हतं. पुस्तकामुळे मुलं खुनी झाली असं तो मानत नाही, ती आधीच बिघडलेली होती म्हणतो. तरीही काढलं.

पुस्तकांवर बंदी घालणाऱ्यांशी मी उभा जन्म भांडले. पण इथे बंदी कुणी घातलीच नाही, लेखकाने आपलं पोर आपण घरात घेतलं. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं.

1999 चा व्हॅनचा अपघात, पारितोषिकं, सिनेमे, हे सगळं कुठेही वाचायला मिळेल. मी मात्र त्याची 2011 ची '11/22/63' सुचवीन. केनेडींचा खून टाळायला भूतकाळात गेलेला त्यातला नायक इंग्रजीचा शिक्षक आहे. टेक्सासच्या एका लहान गावात तो पुन्हा शाळेत लागतो आणि मुलांचं नाटक बसवतो. ती तालमीची पानं मी दोनदा वाचली.