राजगृह : पुस्तकांसाठी बांधलेलं घर

बिर्लानगरच्या मिलच्या लाइनीत ज्यांचं बालपण गेलं, त्यांना दोन खोल्यांचा संसार समजावून सांगावा लागत नाही. आमच्याकडे जियाजीराव कॉटन मिल 1921 ची. मुंबईत त्याच काळात डॉ. आंबेडकर परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांत राहत होते. कुटुंब तिथंच आणि अभ्यासही तिथंच.

हा ट्रस्ट 1896 च्या प्लेगनंतर, 1898 मध्ये स्थापन झाला. त्यानं एकीकडे कामगारांसाठी चाळी बांधल्या आणि दुसरीकडे दादर-माटुंग्याला रस्ते आखून मध्यमवर्गासाठी प्लॉट पाडले. दादरची हिंदू कॉलनी त्याच आखणीतली. म्हणजे बाबासाहेबांची चाळ आणि नंतरचं घर, दोन्ही एकाच ट्रस्टच्या नकाशावरची!

घराचं काम 1930 ला सुरू झालं, 1933 च्या सुमारास पुरं झालं. मगधाच्या प्राचीन राजधानीवरून नाव ठेवलं ‘राजगृह’. तळमजल्यावर तीन-तीन खोल्यांची दोन बिऱ्हाडं, तिथं कुटुंब. सगळ्यात वर ग्रंथालय आणि कचेरी.

इथं माझ्यातला इंजिनिअर थबकतो. जड सामान खाली ठेवावं, हा आमचा साधा नियम. आजच्या भारतीय मानक 875 प्रमाणे राहत्या खोलीला चौरस मीटरमागे साधारण 200 किलो भार धरतात. पुस्तकांच्या रॅकखोलीला किमान 600 किलो. म्हणजे तिप्पट, आणि तोही माथ्यावर. भिंती, तुळया, पाया, सगळ्यांना हे ओझं पेलायचं. पुस्तकं वर न्यायची, तर त्याची किंमत बांधकामातच मोजावी लागते.

दुसरी किंमत पैशातली. त्याच वेळी बांधलेली ‘चार मिनार’ ही दुसरी इमारत त्यांनी 1941 मध्ये विकली, कर्ज फेडायला आणि पुस्तकं घ्यायला. लोक पुस्तकं विकून घर घेतात, इथं उलटं झालं.

रमाबाई 27 मे 1935 ला इथंच गेल्या. 7 डिसेंबर 1956 ला बाबासाहेबांची अंत्ययात्राही इथूनच निघाली. त्यांच्या संग्रहातली बरीच पुस्तकं पुढं सिद्धार्थ कॉलेजात गेली. जुलै 2020 मध्ये या घरावर हल्ला झाला, कुंड्या आणि काचा फुटल्या. कुंड्या, काचा बदलता येतात. पण जुनं घर जपताना नुसता दर्शनी भाग रंगवून भागत नाही. ते कशाचा भार उचलायला बांधलं होतं, तेही नोंदवून ठेवायला हवं. आपल्या मंडळातल्यांनी ग्वाल्हेरचे वाडे पाहतानाही एवढं विचारावं : वरच्या मजल्यावर काय होतं?