सात आठवड्यांचा आगमनकाळ : नव्या प्रयोगामागील जुनी परंपरा

नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा उपासनाकाळ ख्रिस्ती परंपरेत ‘आगमनकाळ’ म्हणून ओळखला जातो. ‘ॲडव्हेंट’ हे त्याचे इंग्रजी नाव ‘आगमन’ या अर्थाच्या ‘अद्वेन्तुस’ या लॅटिन शब्दावरून आले आहे. पाश्चात्त्य चर्चचे उपासना-वर्ष याच काळाने सुरू होते. त्याचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान येतो. त्यामुळे हा काळ कधी २८, तर कधी केवळ २२ दिवसांचा असतो. २०२३ मध्ये नाताळ सोमवारी आल्याने चौथा रविवार आणि नाताळची पूर्वसंध्या एकाच दिवशी आली होती.

या काळाचा आशय दुहेरी आहे : ख्रिस्तजन्माच्या स्मरणाची तयारी आणि ख्रिस्ताच्या पुनरागमनाची प्रतीक्षा. आरंभीची बायबल-वाचने पुनरागमन, न्याय आणि जागृती यांविषयी असतात. जन्मकथेकडे ती शेवटच्या दिवसांत वळतात. प्रत्यक्षात मात्र डिसेंबर उजाडण्यापूर्वीच बाजारपेठा आणि नाताळगीते सण सुरू करतात व प्रतीक्षेचा आशय मागे पडतो.

यावर उपाय म्हणून उत्तर अमेरिकेतील काही उपासना-अभ्यासकांनी सात आठवड्यांच्या आगमनकाळाचा आग्रह धरला. एपिस्कोपल धर्मगुरू व अभ्यासक विल्यम पीटरसन हे त्यांतील प्रमुख होत. या रचनेत आरंभ ६ ते १२ नोव्हेंबरदरम्यानच्या रविवारी होतो. त्यासाठी नवी वाचने निवडावी लागत नाहीत. अनेक प्रॉटेस्टंट चर्चमध्ये रूढ असलेल्या वाचनक्रमात नोव्हेंबरमधील वाचने मुळातच युगान्त आणि देवराज्य यांविषयीची आहेत. पोप पायस अकरावे यांनी १९२५ मध्ये सुरू केलेला ख्रिस्तराजाचा सण सध्या वर्षाच्या अखेरीस येतो. नव्या रचनेत तो आगमनकाळाचा तिसरा रविवार ठरतो.

दीर्घ आगमनकाळ इतिहासाला अपरिचित नाही. सहाव्या शतकात फ्रान्समधील माकाँ येथील धर्मसभेने संत मार्टिन यांच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास सांगितला होता. चार रविवारांची मर्यादा रोमच्या प्रथेतून रूढ झाली. इटलीतील मिलान येथील अम्ब्रोसियन उपासनाविधीत मात्र आजही आगमनकाळ सहा रविवारांचा आहे. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत नाताळापूर्वी ४० दिवसांचा उपवास असतो.

भारतातही याचे उदाहरण सापडते. केरळमधील पश्चिम सुरियानी परंपरेचे उपासना-वर्ष नाताळाच्या आठ रविवार आधी ‘कुदोश ईतो’, म्हणजे चर्चच्या पवित्रीकरणाच्या रविवारी, सुरू होते. त्यानंतरच्या रविवारी जखऱ्या, मरिया आणि योसेफ यांना मिळालेल्या दैवी संदेशांचे क्रमाने स्मरण केले जाते. मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये १ डिसेंबरपासून २५ दिवसांचा उपवासही पाळला जातो. वसईसह महाराष्ट्रातील बहुसंख्य कॅथलिक धर्मग्रामे मात्र रोमन विधीनुसार चार रविवारच पाळतात.

सात आठवड्यांचा प्रयोग एपिस्कोपल, मेथडिस्ट आदी पंथांच्या काही चर्चपुरता मर्यादित आहे. रोमन कॅथलिक दिनदर्शिका रोमच्या अधिकारात असल्याने स्थानिक चर्चला तेथे असा बदल करता येत नाही. शेजारचे चर्च वेगळ्या आठवड्यात असेल, तर सामायिक उपासनेत अडचण येते, हाही आक्षेप आहे. केवळ आठवडे वाढवल्याने बाजारपेठेचा वेग कमी होणार नाही, याची समर्थकांनाही जाणीव आहे. मात्र सणाची घाई सुरू होण्यापूर्वी प्रतीक्षेला स्वतःचा अवकाश मिळावा, हा त्यांचा मुख्य मुद्दा आहे.