स्टुअर्ट बटलर यांचा आरोग्यविचार आणि शासकीय खर्च : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अमेरिकेतील परंपरावादी अर्थविचार म्हणजे आरोग्यावरील शासकीय खर्चाला सरसकट विरोध, अशी समजूत अनेकदा आढळते. हेरिटेज फाउंडेशन या परंपरावादी अभ्याससंस्थेतील धोरण अभ्यासक स्टुअर्ट बटलर यांच्या विचारांचा मागोवा घेतल्यास ही समजूत अपुरी ठरते. मूळचे ब्रिटिश असलेले बटलर १९७९ मध्ये या संस्थेत दाखल झाले. शासन आरोग्यावर किती खर्च करते, याइतकाच तो खर्च कोठे दडलेला आहे, हा प्रश्न त्यांनी महत्त्वाचा मानला. त्यांच्या मांडणीचा आणि तिच्या पुढील प्रवासाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, अमेरिकन शासनाने वेतनवाढीवर नियंत्रण आणले. आरोग्यविम्यासारखे लाभ मात्र या नियंत्रणातून वगळण्यात आले. कामगारांची टंचाई असल्याने मालकांनी वेतनाऐवजी विमा देण्यास सुरुवात केली. १९५४ च्या करसंहितेने मालकाने भरलेला विम्याचा हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नातून स्पष्टपणे वगळला. युद्धकालीन सोय अशा रीतीने कायमची व्यवस्था बनली. १९६५ मध्ये वृद्धांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी मेडिकेड या योजना सुरू झाल्या. १९६० मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे ५ टक्के असलेला एकूण आरोग्यखर्च १९९० पर्यंत सुमारे १२ टक्क्यांवर पोहोचला. तरीही कोट्यवधी नागरिक विम्याविना राहिले. बटलर यांच्या विचाराची सुरुवात या विसंगतीपासून होते.

बटलर यांची मांडणी

१९८९ मध्ये बटलर आणि एडमंड हेसलमायर यांनी हेरिटेजतर्फे राष्ट्रीय आरोग्यव्यवस्थेचा आराखडा प्रसिद्ध केला. त्याचा रोख प्रामुख्याने उपरोक्त करसवलतीवर होता. या सवलतीमुळे शासनाचे मोठे उत्पन्न बुडते. परंतु ही रक्कम अंदाजपत्रकात खर्च म्हणून दिसत नाही, म्हणून तिच्यावर दरवर्षी चर्चाही होत नाही. अधिक उत्पन्न असणाऱ्यास कराचा दर अधिक असल्याने त्यालाच अधिक लाभ मिळतो. ज्याचा मालक विमा देत नाही, त्याला काहीच मिळत नाही. शिवाय हप्ता मालक भरत असल्याने कामगाराला विम्याची खरी किंमत जाणवत नाही आणि खर्चाला लगाम राहत नाही.

यावर त्यांनी सुचविलेला उपाय दुहेरी होता. मालकामार्फतची सवलत बंद करून प्रत्येक कुटुंबास थेट टॅक्स क्रेडिट द्यावे व त्यात गरजूंना झुकते माप असावे, हा त्याचा पहिला भाग. त्याच्या बदल्यात प्रत्येक कुटुंबाने निदान मोठ्या आजाराच्या खर्चापुरता विमा घेतलाच पाहिजे, हा दुसरा भाग. तातडीच्या उपचारासाठी आलेल्या रुग्णाला पैशाअभावी परत पाठवू नये, असा कायदा १९८६ मध्ये झालेला होता. ऐपत असूनही विमा न घेणाऱ्याचा भार त्यामुळे इतरांवर पडतो, असा बटलर यांचा युक्तिवाद होता. मोटारचालकावर विम्याची सक्ती असते, हे उदाहरणही त्यांनी दिले.

विचाराचा राजकीय प्रवास

१९९३ मध्ये अध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या योजनेला पर्याय म्हणून रिपब्लिकन सिनेटर जॉन चेफी यांनी मांडलेल्या विधेयकात वैयक्तिक विमासक्तीचा समावेश होता. दोन्ही प्रस्ताव फलद्रूप झाले नाहीत. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉम्नी यांच्या काळात विमासक्तीचा कायदा झाला. मार्च २०१० मध्ये अध्यक्ष बराक ओबामा यांच्या राष्ट्रीय कायद्यात हीच कल्पना आली, तेव्हा मात्र परंपरावादी गटांनी ती घटनाबाह्य ठरविली. २०१२ मध्ये बटलर यांनी आपले मत बदलल्याचे जाहीरपणे लिहिले. आपला प्रस्ताव मोठ्या आजारापुरता व कर-साहाय्याशी जोडलेला होता, ओबामा कायद्यातील सक्ती अधिक व्यापक आहे, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी विमासक्तीचा दंड कर म्हणून वैध ठरविला. पुढे २०१७ च्या करकायद्याने हा दंड २०१९ पासून शून्यावर आणला.

दरम्यान २००८ मध्ये हेरिटेज व उदारमतवादाकडे झुकलेल्या ब्रुकिंग्ज या संस्थांतील अभ्यासकांनी एक संयुक्त निवेदन काढले. मेडिकेअर, मेडिकेड व सामाजिक सुरक्षा यांचा खर्च आपोआप वाढू न देता त्यांना दीर्घकालीन अंदाजपत्रकाची मर्यादा घालावी, असे त्यात सुचविले होते. बटलर त्यात सहभागी होते. दडलेला खर्च चर्चेत आणावा, हेच सूत्र येथेही दिसते. २०१४ मध्ये ते स्वतः ब्रुकिंग्जमध्ये गेले.

मूल्यमापन

बटलर यांच्या विचाराला मर्यादाही आहेत. १९७४ ते १९८२ या काळात रँड संस्थेने केलेल्या प्रयोगात, रुग्णाला खर्चाचा वाटा उचलावा लागल्यास उपचारांचा वापर घटतो, असे दिसले. हे त्यांच्या म्हणण्यास पूरक आहे. परंतु त्याच प्रयोगात अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही कमी झाल्याचे आढळले. किंमत कळली म्हणजे रुग्ण योग्य निवड करतोच, असे म्हणता येत नाही. जुनाट आजार असलेल्या व्यक्तीस खाजगी बाजारात परवडणारा विमा कसा मिळावा, हा प्रश्नही केवळ कर-साहाय्याने सुटत नाही.

समारोप

बटलर यांच्या प्रस्तावाचे दोन भाग परस्परांवर अवलंबून होते. त्यांपैकी विमासक्तीवर देशात प्रदीर्घ वाद झाला. दुसरा भाग जवळजवळ विस्मृतीत गेला. २०१० च्या कायद्याने मालकामार्फतची करसवलत कायम ठेवली. केवळ अतिमहाग विम्यावर ४० टक्के कर योजला होता. तोही अमलात येण्यापूर्वीच डिसेंबर २०१९ मध्ये रद्द झाला आणि या बाबतीत दोन्ही पक्षांत फारसा मतभेद नव्हता. ज्या खर्चाचा लाभ मध्यमवर्गाला मिळतो आणि जो अंदाजपत्रकात खर्च म्हणून दिसत नाही, त्याला हात लावणे सर्वांत कठीण असते, असा निष्कर्ष यातून निघतो. आरोग्यावरील शासकीय खर्चाचा अभ्यास करताना तरतुदींच्या आकड्यांबरोबर सोडून दिलेल्या कराचाही हिशेब मांडणे म्हणूनच आवश्यक ठरते.