मिलिंग मशीनवर व्हाइस सरळ कसा बसवायचा?

हिंगोली जिल्ह्यातल्या डोंगरकड्यासारख्या शेतीच्या गावात पंपाच्या शाफ्टवरचा की-वे तिरपा पडला, तर चावी नीट बसत नाही आणि शाफ्ट वाया जातो. दोष अनेकदा कटरचा नसतो, व्हाइसच टेबलाच्या चालीला समांतर नसतो.

आधी टेबल आणि व्हाइसचा तळ पुसून घ्यावा. एक बोल्ट थोडा घट्ट, दुसरा सैल ठेवावा. बंद स्पिंडलला डायल गेज लावून त्याचं टोक स्थिर जबड्यावर टेकवावं. सरकता जबडा हलू शकतो. मग टेबल सरकवावं. १०० मिमीमध्ये काटा ०.१० मिमी फिरला, तर तेवढाच तिरपेपणा कामात उतरतो. प्लास्टिकच्या हातोडीने हलके ठोकत दोन्ही टोकांना काटा सारखा आणावा. बोल्ट आवळताना व्हाइस सरकू शकतो, म्हणून शेवटी पुन्हा तपासावं.