सूतिकेचा व्रण व नवजाताची शुश्रूषा : नाशिक प्रांताच्या संदर्भांत एक विवेचन

राजकीय इतिहासांत जन्माची नोंद ठळक असते. वारस जन्मला म्हणजे जासूद धांवतात, साखर वांटली जाते, घटिका-पळें टिपून जन्मपत्रिका मांडली जाते. परंतु ज्या देहांतून तो वारस आला त्या देहाचा व्रण पुढें कसा भरला, ज्वर किती दिवस राहिला आणि त्या दिवसांत अर्भकास कोणी सांभाळिलें, हे प्रश्न इतिहासकार क्वचितच विचारतात. प्रस्तुत लेखांत या प्रश्नांपैकीं एकाचा विचार कर्तव्य आहे. पोट चिरून प्रसूति केल्यावर तो व्रण दूषित झाला, तर ती माता आणि तिचें तान्हें मूल या दोघांची काळजी एकाच वेळीं घ्यावी लागते. ही दुहेरी व्यवस्था आपल्याकडे पूर्वीं कशी होती व ती कसकशी बदलत गेली, हें पाहावयाचें आहे.

[ १ ]

प्रथम गोदातीराशीं संबंध असलेलीं पेशवेघराण्यांतील दोन उदाहरणें घेऊं. ता. १८ एप्रिल १७७४ रोजीं पुरंदर किल्ल्यावर नारायणरावाच्या पश्चात् गंगाबाईस पुत्र झाला. तोच सवाई माधवराव. बारभाईंचें सारें राजकारण त्या एका प्रसूतीवर टांगलेलें होतें. गंगाबाईच्या सोबतीस सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई गडावर होती. गंगाबाई १७७७ सालीं वारली, तेव्हां मूल अवघें तीन वर्षांचें होतें. त्या मुलाची आजी गोपिकाबाई नाशिकजवळ गंगापुरास राहत असे; नातवानें कसें वागावें याविषयीं तिनें लिहून पाठविलेला उपदेश प्रसिद्धच आहे. दुसरें उदाहरण आनंदीबाईचें. राघोबादादा डिसेंबर १७८३ मध्यें कोपरगांवीं वारल्यावर १७८४ सालीं तिला चिमाजीआपा झाला. तिचे शेवटचे दिवस नाशिकनजीक आनंदवल्लीस गेले व १७९४ सालीं तिचा अंत झाला. या दोन्ही प्रसंगीं माता विधवा होती आणि बाहेर राजकारणाचा पहारा होता. आंत मात्र सूतिकेच्या खोलींत राज्य घरच्या बायकांचें व सुईणीचें होतें. सरदाराच्या वाड्यांत आणि कुणब्याच्या झोंपडींत या बाबतींत फरक होता तो साधनांचा. पद्धतीचा फारसा नव्हता.

[ २ ]

आतां शास्त्राकडे वळूं. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानांत मूढगर्भाचें विवेचन आहे. माता मृत झाली व कुक्षींत गर्भाचें स्पंदन दिसत असलें, तर वैद्यानें तत्काळ उदर चिरून बालक बाहेर काढावें, असें तेथें विधान आहे. उलट चिकित्सास्थानांत, जिवंत गर्भावर शस्त्र चालवूं नये, तसें केल्यास मातेचा व अपत्याचाही घात होतो, अशी ताकीद आहे. यावरून उदरच्छेदन हा उपाय ठाऊक होता, परंतु तो मृत मातेपुरताच योजिला जाई, हें स्पष्ट होतें. चंद्रगुप्ताचा पुत्र बिंदुसार याच्या जन्माची जी कथा जैन ग्रंथकार हेमचंद्र सांगतो, तींतही राणी विषानें मरत असतां पोट चिरून मूल काढलें असेंच आहे. चिरलेलें पोट घेऊन जगणारी सूतिका या वाङ्मयांत नाहीं.

तथापि ज्या दोन विद्यांचा पुढें संगम व्हावयाचा होता, त्या दोन्ही तेथें स्वतंत्रपणें सिद्ध होत्या. एक व्रणविद्या. सुश्रुतानें व्रणाचे साठ उपक्रम सांगितले आहेत. त्यांत शोधन म्हणजे घाण काढणें व रोपण म्हणजे भरून आणणें हे मुख्य. व्रणिताच्या खोलीविषयीं त्यानें एक संपूर्ण अध्याय दिला असून जागा स्वच्छ व निवाऱ्याची असावी, रोग्यानें नखें-केस कापलेले व वस्त्रें शुभ्र ठेवावीं, खोलींत धूपन करावें, असें त्यांत सांगितलें आहे. दुसरी सूतिकाविद्या. सूतिकागाराची रचना, अनुभवी स्त्रियांची उपस्थिति, धात्रीची निवड हे विषय चरक-सुश्रुतांत सविस्तर आले आहेत. नेपाळांत सांपडलेल्या पोथीवरून १९३८ सालीं निर्णयसागर छापखान्यानें काश्यपसंहिता प्रसिद्ध केली. तींत सूतिकेच्या रोगांचा स्वतंत्र विचार आहे. सुश्रुताच्या मतें प्रसूतीनंतर दीड महिनापर्यंत स्त्री ‘सूतिका’ या संज्ञेस पात्र असते. ही मुदत वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. तिचें कारण पुढें येईल.

[ ३ ]

प्रत्यक्ष मराठी घरांतील वहिवाट शास्त्रापासून निघाली खरी, पण वाटेंत पुष्कळ बदलली. अंधारी व बंद खोली, बाजेखालीं शेगडी, ओवा-शेपा-वावडिंगाची धुरी, कानांस फडकें, पोटास घट्ट पट्टा, तेलाचें मर्दन व कढत पाण्याचें स्नान, डिंकाचे व अळिवाचे लाडू, पाणी मात्र बेतानें, ही ती वहिवाट. दहा दिवस सोयर. या सोयराचें मूल्यमापन करतांना दोन्ही बाजू पाहिल्या पाहिजेत. शिवाशीव नसल्यामुळें बाळंतीण चुलीपासून, पाण्याच्या खेपांपासून व पाहुण्यांच्या गर्दीपासून सुटे. वर्षांतून एवढेच दिवस तिला हक्काची विश्रांति मिळे. तिच्यासाठीं एक बाई व मुलास न्हाऊ-माखू घालण्यास दुसरी, अशी कामाची वांटणीही बहुधा होई. परंतु त्याच सोयरामुळें जें अंथरूण पुढें टाकून द्यावयाचें तेंच तिच्या वांट्यास येई, म्हणजे घरांतील सर्वांत जुनें व मळकें. नाळ कापण्यास जें हत्यार हातीं लागे तें चाले व सुईण एका घरून दुसऱ्या घरीं तेच हात घेऊन जाई. सूतिकाज्वरानें माता व धनुर्वातानें मूल गमावण्याचें मूळ येथें होतें.

यांत आपल्या घरांचेंच कांहीं विशेष वैगुण्य होतें असें मात्र नव्हे. १८४६ सालीं व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयांत ज्या विभागांत वैद्यविद्यार्थी प्रसूति करीत, तेथें शेंकडा सुमारें ११ स्त्रिया मरत. सुइणींच्या विभागांत तें प्रमाण शेंकडा ३ हून कमी होतें. शवविच्छेदन करून आलेले हात हेंच याचें कारण, असें सेमेलवाइस यानें ताडिलें. १८४७ मध्यें त्यानें क्लोरीनच्या पाण्यानें हात धुण्याचा नियम केला आणि १८४८ सालीं पहिल्या विभागांतील प्रमाण शेंकडा सव्वावर आलें. तरीही त्याच्या हयातींत त्याचें मत मान्य झालें नाहीं.

[ ४ ]

जिवंत मातेचें पोट चिरून दोघांनाही वांचविण्याचे यशस्वी प्रयोग तुरळक होत होते. १८२६ सालीं केपटाउन येथें डॉ. जेम्स बॅरी यानें केलेली शस्त्रक्रिया त्यांपैकीं एक. पण त्या काळीं गर्भाशयास टांके घालण्याची रीत नव्हती. तो तसाच सोडून पोट शिवीत आणि स्त्री रक्तस्रावानें अथवा पू होऊन मरे. १८७६ सालीं इटलींतील पाव्हिया येथें पोरो यानें मूल काढल्यावर गर्भाशयच काढून टाकिला व माता वांचविली. १८८२ सालीं जर्मन वैद्य झेंगर यानें गर्भाशयास थरांनीं टांके घालण्याची पद्धति मांडली. त्यापूर्वीं १८६७ सालीं लिस्टर यानें कार्बोलिक आम्लाचा उपयोग प्रसिद्ध केला होताच. टांका आणि निर्जंतुकता हीं दोन्ही एकत्र आल्यावरच ही शस्त्रक्रिया मातेस जगवूं लागली. तात्पर्य, या शस्त्रक्रियेचा इतिहास सुरीपेक्षां व्रणाच्या निगेचा इतिहास अधिक आहे.

हीं नवी विद्या आपल्याकडे येण्यास दोन वाटा होत्या. मुंबईस १८४५ सालीं ग्रँट वैद्यक महाविद्यालय व जमशेटजी जिजीभाई रुग्णालय सुरू झालें. १८६५ सालीं थळघाटांतून आगगाडी चालूं लागली आणि नाशिकची रोगी स्त्री मुंबईस नेणें शक्य कोटींत आलें. पण शक्य असणें वेगळें आणि घडणें वेगळें. पुरुष वैद्याच्या हातीं बाळंतीण देण्यास घरें तयार नव्हतीं. हा अडसर ज्यांनीं ओळखिला त्यांत डॉ. आनंदीबाई जोशी अग्रगण्य होत. चौदाव्या वर्षीं त्यांना झालेला मुलगा दहा दिवसांत गेला. वैद्यकीय साहाय्य मिळालें नाहीं हें शल्य त्यांना वैद्यकाकडे घेऊन गेलें. मार्च १८८६ मध्यें त्यांनीं पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी घेतली आणि आपल्या प्रबंधास विषय निवडिला तो आर्य हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. फेब्रुवारी १८८७ मध्यें त्यांचा पुण्यास अंत झाला. त्याच सुमारास, म्हणजे १८८५ सालीं डफरिन निधि व १८८६ सालीं मुंबईचें कामा रुग्णालय सुरू झालें. १९२६ सालीं वाडिया प्रसूतिगृह निघालें. १९०९ सालीं पुण्यास निघालेल्या सेवासदनानें, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं, मराठी घरांतील स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविलें. हें शेवटचें कार्य आपल्या विषयाच्या दृष्टीनें फार मोलाचें आहे. कारण व्रण धुणारा हात आणि मूल उचलणारा हात यांना शिस्त लावणारी परिचारिकाच होय.

१९३५ सालीं प्रॉन्टोसिल हें औषध प्रसिद्ध झालें व १९३६ सालीं लंडनच्या क्वीन शार्लट रुग्णालयांत कोलब्रूक यानें सूतिकाज्वरावर त्याचा गुण दाखविला. पुढें पेनिसिलिन आलें आणि १९५४ सालीं पुण्याजवळ पिंपरी येथें त्याचा सरकारी कारखाना उभा राहिला. शस्त्रक्रियेचें भय ओसरलें तशी तिची संख्याही वाढली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत भारतांतील शेंकडा २१·५ प्रसूति उदरच्छेदनानें झाल्याचें आढळलें. महाराष्ट्रांत तें प्रमाण सुमारें चतुर्थांश आहे.

[ ५ ]

येथें इतिहासाचा एक पेंच लक्षांत घ्यावयास हवा. घरची वहिवाट ही पोटावर व्रण नसलेल्या बाळंतिणीसाठीं घडली होती. ‘सिझर’ झालेली स्त्री घरीं येते तेव्हां तीच वहिवाट तिच्यावर चालविली जाते. व्रण बहुधा चौथ्यापासून सातव्या दिवसाच्या सुमारास बिघडतो. त्या वेळेपर्यंत पुष्कळ स्त्रिया रुग्णालयांतून घरीं आलेल्या असतात. म्हणून टांक्यांभोंवतीं पसरणारी लाली, वाढती वेदना, पू, दुर्गंधि, ताप, टांका उसवणें हीं लक्षणें प्रथम दिसतात तीं घरच्यांना. अशा व्रणावर तेल, हळद किंवा राख लावणें, शेगडीचा शेक देणें, घट्ट पट्टा आवळणें हें घातक होय. वैद्यकाची रीत वेगळी आहे. व्रण मोकळा करून पू काढणें, धुणें, स्वच्छ पट्टी नित्य बदलणें, प्रतिजैविक देणें आणि तळापासून भरत आल्यावर जरूर तर पुन्हां टांके घालणें. सुश्रुताचें शोधन व रोपण हेंच; साधनें मात्र निराळीं.

मुलाविषयींही एक गैरसमज रूढ आहे. व्रण पिकला म्हणजे दूध ‘बिघडलें’ असें समजून मुलास अंगावरून तोडतात. वस्तुतः पोटावरील व्रणाचा दोष दुधांतून बाळास जात नाहीं, आणि अशा वेळीं दिलीं जाणारीं बहुतेक प्रतिजैविकें स्तनपानास बाध आणीत नाहींत. वैद्यास विचारून पाजणें चालू ठेवावें हाच मार्ग. कुशीवर निजून अथवा मुलास काखेखालीं घेऊन पाजल्यास व्रणावर भार येत नाहीं. पट्टी बदलल्यावर साबणानें हात धुतल्यावांचून मुलास उचलूं नये. यापलीकडचें सर्व काम, म्हणजे दुपटीं, पाणी, स्वयंपाक व थोरलीं मुलें, दुसऱ्या कोणी केलें पाहिजे. जुन्या सोयरांतील ग्राह्य भाग तो हाच. शिवाशीव टाकून विश्रांति ठेवावी.

ही विश्रांति सर्वांस सारखी मिळत नाहीं, याची जाणीव कायद्यास प्रथम मुंबई इलाख्यांत झाली. कारखान्यांतील स्त्रियांस प्रसूतीची रजा व भत्ता देणाऱ्या विधेयकास १९२८ सालीं मुंबई विधिमंडळांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं पाठिंबा दिला व १९२९ सालीं तो कायदा झाला. १९६१ सालीं अखिल भारतीय कायदा होऊन २०१७ च्या दुरुस्तीनें रजेची मुदत २६ आठवडे झाली. परंतु पेठ-सुरगाण्याच्या डोंगरांतील किंवा निफाडच्या मळ्यांतील मजूर स्त्रीस रजा देणारा धनी नसतो. तिचा व्रण ओला असतांच तिला डोक्यावर हंडा घ्यावा लागतो.

या उणिवेवर उत्तर मिळालें तें महाराष्ट्रांतीलच एका अनुभवांतून. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवच्या स्त्रियांस शिकवून नवजाताची निगा घरोघर नेली. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधांत ३९ गांवांतील नवजातमृत्यु निम्म्याहून अधिक घटल्याचें दाखविलें आहे. पुढें २०११ सालापासून ‘आशा’ कार्यकर्तींच्या गृहभेटींची योजना देशभर निघाली. या भेटी प्रसूतीपासून ४२ दिवसांपर्यंत चालतात. सुश्रुताचा दीड महिना आणि आजचे ४२ दिवस यांतील सादृश्य पाहण्याजोगें आहे. भेटीस आलेल्या कार्यकर्तीनें मुलाचें वजन घेतांना आईचें पोटही पाहिलें, तर बिघडलेला व्रण वेळेवर नाशिकच्या जिल्हा रुग्णालयांत पोंचतो. न पाहिलें, तर सूतिका तापानें फणफणलेली राहते व मुलाचें दूधही तुटतें.

एकंदरींत असें दिसतें कीं, माता व मूल यांस वांचविण्याचें श्रेय एकट्या शस्त्रवैद्यास देणें हें लढाईचें श्रेय एकट्या सेनापतीस देण्यासारखें आहे. किल्ला सर झाल्यावर तो राखावा लागतो. आणि तो राखणाऱ्या सुइणी, परिचारिका, सासवा, आया व ‘आशा’ यांच्या कामाची नोंद आजवर फारशी झालेली नाहीं. नाशिक प्रांतांतील जुन्या घरांत बाळंतिणीच्या खर्चाच्या याद्या, वैद्यांचे बाड, दवाखान्यांचीं नोंदवह्यांचीं पानें ज्यांच्यापाशीं असतील, त्यांनीं तीं रद्दींत जाण्यापूर्वीं अभ्यासकांच्या हातीं द्यावीं, अशी विनंती आहे.