बाळंतिणीच्या मनाचे आजारपण

घरात मूल जन्माला आले की साऱ्यांचे लक्ष पाळण्याकडे वळते. रत्नागिरी परिसरात पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. शेकशेगडी, मालीश, डिंकाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती यांत काही उणे राहू नये म्हणून आई-मावशी झटतात. शरीराची एवढी निगा राखली जात असता बाळंतिणीच्या मनाची विचारपूस मात्र क्वचितच होते.

तीन अवस्था

प्रसूतीनंतर तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास अनेक मातांना विनाकारण रडू येते. ही अवस्था साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरते. उदासी त्यापुढेही टिकली, झोप व भूक मंदावली, बाळाविषयी ओढ वाटेनाशी झाली, ‘मी वाईट आई आहे’ अशी टोचणी लागली, तर ते प्रसूतीपश्चात नैराश्य असू शकते. तिसरी अवस्था विरळ, हजारात एक-दोन मातांना होणारी, परंतु गंभीर आहे. तीत भास व भ्रम होतात. अशा मातेला त्याच दिवशी रुग्णालयात नेले पाहिजे.

सामाजिक दडपण

हा आजार किती आढळतो, याचे उत्तर शेजारच्या गोव्यात मिळते. म्हापशाच्या आझिलो रुग्णालयातील मातांविषयी डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या २५२ मातांपैकी ५९ जणींना, म्हणजे २३ टक्के मातांना, नैराश्य होते. त्यांपैकी बहुतेकींचे मन गरोदरपणीच अस्वस्थ होते. गरिबी आणि पतीशी बिघडलेले संबंध ही प्रमुख कारणे आढळली. मुलगी झाल्यास हा भार आणखी वाढत होता.

ही कारणे आपल्याला अपरिचित नाहीत. ‘पुढच्या वेळी मुलगा होईल’ हे सांत्वन नसून घाव असतो. कोकणात पती मुंबईला नोकरीस असला की सासरी परतलेल्या सुनेला मन मोकळे करण्यास कोणी उरत नाही. त्यातच बारसे वा बाप्तिस्म्याच्या सोहळ्यात तिने हसतमुख असावे, अशी सर्वांची अपेक्षा असते.

उपचार

हा आजार पाप नव्हे, मातृप्रेमाची उणीवही नव्हे. प्रार्थनेने धीर मिळतो; परंतु ती औषधोपचाराची जागा घेत नाही. समुपदेशन व औषधे या दोहोंनी माता बऱ्या होतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने स्तनपान चालू ठेवून घेता येतील अशी औषधेही उपलब्ध आहेत.

रत्नागिरीचे प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचे आहे. त्याच्या नावाची भीती अद्याप अनेकांच्या मनात असते. बाळ आपल्यापासून हिरावले जाईल ही त्यांतील मोठी भीती. परंतु २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार, उपचार घेणाऱ्या मातेपासून तिच्या तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः दूर करता येत नाही. बाळाला धोका असल्यास वा त्याच्या सुरक्षिततेसाठी आवश्यक असल्यासच तसा निर्णय घेतला जातो. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर घरबसल्या मोफत सल्ला मिळतो. स्वतःला वा बाळाला इजा करण्याचा विचार मातेने बोलून दाखविल्यास तिला एकटे न सोडता तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

बाळ पाहण्यास आपण जातो, तेव्हा ते कोणावर गेले आहे हे विचारण्याआधी त्याच्या आईजवळ क्षणभर बसावे. ‘तुला झोप मिळते का? मन कसे आहे?’ असे विचारावे आणि तिचे उत्तर शांतपणे ऐकावे.