सवानी फुटबॉल संघ, १८९९
अमेरिकेतील टेनेसी राज्याच्या डोंगराळ भागात असलेल्या युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ ऊर्फ सवानी या छोट्या विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉल संघ. १८९९ च्या हंगामात त्याने बाराही सामने जिंकले. ३२२ गुण मिळवले, गमावले अवघे १०. तेही सगळे ऑबर्नविरुद्धच्या एकाच सामन्यात (११–१०). प्रशिक्षक बिली सूटर, कर्णधार हेन्री सीबल्स.

खरा पराक्रम ९ ते १४ नोव्हेंबरचा. व्यवस्थापक ल्यूक ली याने आखलेल्या रेल्वे दौऱ्यात संघाने टेक्सस, टेक्सस ए अँड एम, टुलेन, लुइझियाना स्टेट आणि मिसिसिपी यांना सहा दिवसांत एकही गुण न देता हरवले. विश्रांती फक्त मधल्या रविवारी. शिरस्त्राणाची सक्तीही नसलेल्या त्या धसमुसळ्या खेळात ही कामगिरी थक्क करणारीच आहे. ली पुढे अमेरिकेच्या सिनेटचा सदस्य झाला.